शेत माझं बुडालं, सरासरी गावाची

आमच्या काकांचं शेत गुजरातमधल्या वडोद्याजवळच्या डभोई तालुक्यात आहे, काळ्या कपाशीच्या जमिनीचं. २०१९ च्या जुलैअखेरीस वडोदरा शहरात पाणी शिरलं, त्याच दिवसांत काकांच्या खालच्या तुकड्यातली कपाशी चार दिवस पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर झाड उपटून पाहिलं तर मूळ काळं पडलेलं आणि कुजका वास. पीककर्जातून विम्याचा हप्ता आधीच कापून गेला होता. भरपाई मात्र आली नाही. ‘गावाची सरासरी बरी आहे’ एवढंच उत्तर मिळालं. वडोदऱ्यात, रावपुऱ्यातल्या आमच्या घरी काका पासबुकातल्या हप्त्याच्या नोंदीवर बोट ठेवून बसले होते, ते चित्र डोळ्यांसमोरून जात नाही. शेत माझं, हप्ता माझा, मग हिशेब गावाचा का? या प्रश्नाचं उत्तर बरंचसं गुजरातच्याच इतिहासात आहे.

विमा नव्हता तेव्हा आणेवारी होती. गावाचं पीक किती आणे आलं ते ठरवायचं आणि त्यावरून शेतसारा तहकूब किंवा माफ करायचा. ही मोजणीही गावाचीच. छपन्नियाच्या दुष्काळाने (१८९९–१९००) बडोदे संस्थान मोडून पडलं. १८९१ साली २४ लाखांवर असलेली वस्ती १९०१ च्या शिरगणतीत साडेएकोणीस लाखांवर आली. अशा वेळी तगाई म्हणजे सरकारी कर्ज आणि साऱ्यात सूट मिळे, पण ती सरकारची कृपा. शेतकऱ्याने आधी पैसे भरून मिळवलेला हक्क नव्हे. हा हक्काचा विचार म्हैसूरच्या जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० मध्ये पुस्तकरूपाने मांडला. भरपाई पावसाच्या मोजणीवर द्यावी, अशी त्यांची सूचना होती.

प्रत्यक्ष प्रयोग व्हायला १९७२ उजाडलं आणि तो गुजरातमध्ये झाला. सुरतेत तयार झालेली एच-४ ही संकरित कपाशी तेव्हा नवी होती. तिच्यासाठी प्रत्येक शेतकऱ्याचा वेगळा विमा उतरवला गेला, म्हणजे काकांना हवा होता तसाच. पुढे काही पिकं आणि राज्यं वाढली. १९७८ पर्यंत सगळे मिळून ३,११० शेतकरी त्यात आले. हप्ता जमला सुमारे साडेचार लाख आणि भरपाई द्यावी लागली जवळपास ३८ लाख! प्रत्येक शेताचं नेहमीचं उत्पन्न किती, याची नोंद कुठेच नव्हती. नुकसान पुराचं की मशागतीतल्या हयगयीचं, हे बांधावर उभं राहून कोण ठरवणार? आणि ज्याचं शेत हमखास बुडतं, तोच आधी विमा घेतो.

इथे पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर पुढे आले. १९७६ मध्ये त्यांनी क्षेत्राधारित विम्याची मांडणी केली. एका परिसरातलं हवामान सगळ्यांना सारखंच, म्हणून तिथलं सरासरी उत्पन्न मोजा आणि ते घटलं तर सर्वांना सारख्या प्रमाणात भरपाई द्या. मोजणीची रीत हाताशी होतीच. पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांनी १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोग शास्त्रशुद्ध केले होते: चिठ्ठी टाकल्यासारखं शेत निवडायचं, ठरावीक मापाचा चौकोन आखायचा, तेवढंच पीक कापून तोलायचं. मला हे आणेवारीचंच पुढचं रूप वाटतं, फक्त नजरेच्या अंदाजाच्या जागी तराजू आला.

१९७९ ची प्रायोगिक योजना आणि १९८५ ची सर्वंकष योजना याच पायावर उभ्या राहिल्या. १९८५ च्या योजनेत कपाशी नव्हतीच. तरीही चौदा वर्षांत देशभर वाटलेल्या भरपाईतला जवळपास निम्मा पैसा एकट्या गुजरातला मिळाला, मुख्यतः सौराष्ट्रातल्या भुईमुगापायी. १९९९ मध्ये राष्ट्रीय योजना आली आणि २०१६ मध्ये प्रधानमंत्री पीक विमा योजना. तिच्यात शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड आणि कपाशीसारख्या नगदी पिकाला ५.

तिच्यातला हिशेब असा. मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी घ्यायची, तिला ठरलेल्या जोखीम स्तराने, म्हणजे सरासरीच्या जितक्या टक्क्यांपर्यंत विमा आहे त्याने, गुणायचं, म्हणजे उंबरठा उत्पन्न निघतं. गावाचं पीक त्याखाली गेलं तरच भरपाई. समजा ते हेक्टरी १,५०० किलो आलं आणि यंदा गावाचं १,२०० भरलं, तर तूट २० टक्के. विमा रक्कम ५०,००० असेल तर भरपाई १०,०००. काकांच्या गावाचं उत्पन्न उंबरठ्याखाली गेलंच नव्हतं.

पण गारपीट आणि शेतात साचलेलं पाणी यांसाठी एकट्या शेताचा पंचनामा होतो, अट ७२ तासांत कळवण्याची. काकांना हे कोणी सांगितलंच नाही. हप्ता कापताना ही एक ओळ कोणी बोललं असतं, तर काकांच्या शेतावर माणूस आला असता. याचं मला आजही फार वाईट वाटतं.

२०२० च्या खरिपात गुजरात केंद्राच्या योजनेतून बाहेर पडलं आणि मुख्यमंत्री किसान सहाय योजना आणली. हप्ता शून्य. ३३ ते ६० टक्के नुकसानीला हेक्टरी २०,००० रुपये, त्यापुढे २५,०००, आणि तेही चार हेक्टरांपर्यंतच. दुष्काळ कधी मानायचा? तालुक्यात हंगामाचा पाऊस दहा इंचांच्या आत राहिला किंवा सलग २८ दिवस पाऊसच झाला नाही, तर. म्हणजे गावाच्या सरासरीतून सुटलेले काका तालुक्याच्या पर्जन्यमापकाकडे बघू लागले.