सरस्वतीची वीणा वेदकाळापासून तीच?

वसंतपंचमी आली की दादर-गिरगावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हमखास फिरतं: सरस्वतीच्या हातातली वीणा वेदकाळापासून जशीच्या तशी आहे. नाही हो! जुन्या ग्रंथांत ‘वीणा’ हे तंतुवाद्यांचं सरसकट नाव. चौथ्या शतकातल्या समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजा मंचकावर बसून मांडीवरची वीणा वाजवतोय. पण ती धनुष्यासारखी वाकलेली. सरळ दांडी नाही, पडदे (सुरांसाठी दांडीवर बसवलेल्या आडव्या पट्ट्या) नाहीत. आजची फणसाच्या लाकडाची, चोवीस पडद्यांची सरस्वती वीणा १७व्या शतकातल्या तंजावरात, तिथल्या रघुनाथ नायक राजाच्या काळात घडली असं मानतात.

गैरसमजात मुंबईचाही थोडा हात असावा. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये इथेच छापखाना काढला, आणि छापील देवदेवता घरोघरी भिंतींवर गेल्या. सरस्वतीही, तंजावरी वीणेसकट.