डिचोलीच्या घरातले 'शिंगर' आणि लुधियानाची बॉबिन केस

चवथ (गणेशचतुर्थी) महिन्यावर आली की डिचोली, साखळी, पेडण्याकडच्या घरांत जुन्या शिवणयंत्रांवरची झाकणे निघतात. मखरामागचा पडदा शिवायचा असतो, लहान मुलींची परकर-पोलकी असतात. नेमके तेव्हाच चाक जड फिरते, नाहीतर फिरते पण खालचा दोरा वर येत नाही. मग विचारपूस सुरू होते : दुरुस्त कोण करील आणि पार्ट कुठे मिळेल? दुरुस्त करणारे हात गोव्यात अजून आहेत, कमी झाले असले तरी आहेत. पार्ट मिळणार की नाही, हे मात्र ते मशीन कुठल्या कारखान्यात बनले आणि पुढे त्याची नक्कल कोणी केली यावर ठरते.

आमच्या घरातले पायमशीन आजीचे. ती त्याला 'शिंगर' म्हणायची, म्हणजे सिंगर कंपनीचे मशीन. आजोबा मुंबईला नोकरीला होते. त्यांनी ते तिथे घेतले, आगबोटीने पणजीला उतरवले आणि पुढे डिचोलीला आणले. बैठकीवर उजव्या हाताला पितळी पट्टीत एक क्रमांक आहे, 'वाय' या अक्षराने सुरू होणारा. जुन्या सिंगरची जन्मपत्रिका म्हणजे हा क्रमांक. 'वाय' मालिका स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्याला १९२०-३० च्या दशकांत दिलेली होती. मॉडेल १५के. त्यातला 'के' म्हणजे किल्बोवी, क्लाइडबँकमधल्या ज्या भागात तो कारखाना उभा होता त्याचे नाव.

त्या कारखान्याची पायाभरणी १८८२ साली झाली आणि १८८५ मध्ये तो सुरू झाला. १९१३ साली, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या आदल्या वर्षी, तिथून सुमारे १३ लाख मशिने बाहेर पडली. हिंदुस्थानात सिंगरचा पसारा वाढवला तो नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी एजंटाने, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून. हप्त्याने पैसे फेडायची सोय असल्यामुळे साध्या शिंप्यालाही मशीन परवडू लागले. गोव्यात त्याच सुमारास मुरगावची रेल्वे आली, मुंबईच्या आगबोटी तर होत्याच. मुंबईत राहणारा गोंयकार सुट्टीवर येताना जे आणी त्यात मशीन ही मोठी आणि मानाची वस्तू.

इथे एक गोष्ट थांबून सांगायला हवी, कारण पार्टांचा सगळा गुंता तिथून सुरू होतो. सिंगर कंपनी १८५१ ची. पण पहिली तीसेक वर्षे तिच्या मशिनांचे भाग एकमेकांत बदलता येतील असे नव्हते. कारागीर कानस घेऊन बसे आणि प्रत्येक भाग त्या-त्या मशीनला घासून बसवी. एका मशीनचा दांडा दुसऱ्यात गेला तर जाई, नाहीतर नाही. १८८० च्या दशकात हे बदलत गेले आणि भाग मापात निघू लागले. त्याआधीच्या मशीनला सुटा भाग शोधणे म्हणजे मुळात दुकानासाठी न बनलेली वस्तू दुकानात शोधणे.

मॉडेल १५ त्यानंतरच्या शिस्तीत वाढले आणि त्याचे भाग्य पुढे दुसऱ्यांच्या हातांनी उजळले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांनी हाच सांगाडा प्रमाण धरून लाखोंनी मशिने काढली आणि त्यांचे भाग आपसांत जुळतील असे मापही ठरवले. आपल्याकडे कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगने उषा आणले, पंजाबात लुधियानात मशिनांचा आणि सुट्या भागांचा मोठा धंदा उभा राहिला. ही सगळी काळी मशिने पोटात सिंगर १५ च आहेत. क्लाइडबँकचा कारखाना १९८० साली बंद पडला, तरी आजीच्या मशीनला आजही म्हापशाच्या बाजारात बॉबिन केस (खालच्या दोऱ्याची रीळ धरणारी डबी) मिळते, दोरा ताणणारी स्प्रिंग मिळते, आणि सुई तर कुठल्याही कटलरीच्या दुकानात. गेल्या वर्षी मी तिथून लुधियानाची केस आणली. जवळजवळ नव्वद वर्षांच्या शटलमध्ये ती 'टक्' करून बसली. तो आवाज ऐकला आणि मला आजीची फार आठवण आली.

गोव्याचा इतिहास मात्र एवढ्या सरळ वाटेने गेलेला नाही. ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहानंतर भारताशी रेल्वे तुटली, आगबोटी थांबल्या, सीमा बंद झाली. त्याच वर्षांत इथल्या खनिज लोखंडाला परदेशात चढा भाव होता आणि पोर्तुगीज अमलात परदेशी मालाच्या आयातीवर भारतासारखी बंधने नव्हती. त्यामुळे भारतात सहसा न दिसणारी युरोपी मशिने मुरगाव बंदरातून इथल्या घरांत शिरली. बार्देशातल्या एका ओळखीच्या घरात जर्मनीच्या फाफ कंपनीचे १३० हे मॉडेल आहे. त्या काळी घरगुती मशीनवर झिगझॅग टाका, आणि टाक्याला इतका एकसारखेपणा की मोजून घ्यावा.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि भारतातले आयातीचे कडक नियम इथेही लागू झाले. आपल्याला मुक्ती हवी होती आणि ती मिळाली, याचा आनंद मोठाच. पण त्या मशिनांचा मायदेशाशी धागा तुटला, हेही खरे. फाफ १३० मध्ये वरच्या दांड्याची गती खालच्या दांड्याला देणारा एक पट्टा आत असतो. त्याला ठरावीक अंतरावर धातूच्या कड्या असतात. तो तुटला की मशीन ठप्प, आणि लुधियानात त्याची नक्कल कोणी केली नाही. ओळखीच्या त्या घरातले मशीन असेच थांबले आहे. ते सिंगर १५ पेक्षा सरस यंत्र आहे असे माझे मत. पण आज चालू आहे ते सिंगरच.

आता पेचांविषयी, कारण इथे मी स्वतः नुकसान केले आहे. सिंगरच्या पेचांचे आटे हार्डवेअरच्या दुकानातल्या पेचांशी जुळत नाहीत. ९/६४ आणि ११/६४ इंच जाडीचे, इंचाला ४० आटे असलेले पेच हे शिवणयंत्रांचे खास माप. माझ्याकडून टाकेपट्टीचा, म्हणजे सुईखालच्या धातूच्या पट्टीचा, पेच हरवला. दिसायला सारखा म्हणून मी घरातला दुसरा पेच पिळून बसवला आणि बिडाच्या बैठकीतले मूळ आटे कापले गेले. पाच रुपयांच्या पेचासाठी न भरून येणारी हानी झाली. हरवलेला पेच हवा असेल तर मोडीतल्या जुन्या मशीनचाच शोधावा. मुंबईच्या चोरबाजारात, मडगाव-म्हापशाच्या जुन्या दुरुस्तीवाल्यांकडे असे डबे भरून असतात. जाताना मशीनमधला दुसरा तसाच पेच नमुना म्हणून न्यावा, मोबाईलवरचा फोटो पुरत नाही.

आणि पार्ट शोधायच्या आधी मशीन नुसते धुऊन बघावे. आपल्याकडची निम्मी 'बिघडलेली' मशिने चिकटलेली असतात. घरात खोबरेल हाताशी, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तेच घातले गेले. ते जुने होते, त्यात सुताची लव आणि धूळ मिसळते, वर चार महिन्यांची पावसाळी दमट हवा. कापड सरकवणाऱ्या दातांखाली तर या सगळ्याचा नमदा होऊन बसतो. तेलाच्या प्रत्येक भोकात रॉकेलचे थेंब सोडायचे, रात्रभर ठेवायचे, सकाळी चाक हलक्या हाताने पुढे-मागे करायचे. जोर लावायचा नाही. तपकिरी पाणी निघणे थांबले की शिवणयंत्राचे पातळ तेल द्यायचे. आमच्या मशीनला तीन रात्री लागल्या.

सगळ्यात अवघड गत आहे ती व्हायोलिनसारख्या तळाच्या सिंगर १२ ची. हे मॉडेल १८६५ चे. त्याचे शटल होडीच्या आकाराचे, आणि सुई वेगळ्याच मापाची, १२x१. ती बाजारातून केव्हाच गेली. साखळीजवळच्या एका वृद्ध शिंप्याकडे असे एक हातमशीन आहे, वडिलांपासून चालत आलेले. रोजचे शिवण ते दुसऱ्या मशीनवर करतात. त्यांच्या काड्यापेटीत कापसात गुंडाळलेल्या १२x१ च्या चार सुया उरल्या आहेत. जत्रेआधी देवाची वस्त्रे शिवायची असतात, तेवढ्यापुरती त्यातली एक सुई ते बाहेर काढतात, आणि शिवून झाले की पुसून परत कापसात ठेवतात.