झडपेचा आजार असताना भूल

हृदयाची झडप खराब, पण ऑपरेशन दुसऱ्याच कशाचं, म्हणजे हर्निया, सिझर, म्हातारपणी मोडलेला खुबा, अशा पेशंटला द्यायची भूल. विदर्भातल्या खेड्यांत तरुण पेशंटमध्ये मुळाशी बहुतेकदा लहानपणचा सांध्यांचा ताप (ऱ्हुमॅटिक) असतो, त्याने मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) अरुंद होते. म्हाताऱ्यांत कॅल्शियम साचून एऑर्टिक, म्हणजे हृदयातून मोठ्या धमनीत उघडणारी. कित्येक बायांना हे पोटुशी असतानाच पहिल्यांदा कळतं, कारण तेव्हा अंगातलं रक्त ४०-५० टक्क्यांनी वाढतं. त्याआधी निंदताना लागणारा दम 'रक्त कमी आहे' म्हणून सोडून दिलेला असतो, आणि पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्त कमी करणारा आनुवंशिक आजारही असल्यानं ही गल्लत सहज होते. म्हणून भुलीच्या डॉक्टरनं स्वतः छातीला स्टेथोस्कोप लावलाच पाहिजे.

निरोगी मायट्रल झडप ४ ते ६ चौ. सेंमी उघडते, १.५ किंवा त्याखाली आली की गंभीर (जुन्या पुस्तकांत ही रेघ १ वर होती). ठोके वाढले की डावा कप्पा भरायला वेळच मिळत नाही आणि पाणी फुप्फुसात साचतं, म्हणून ठोके संथ ठेवायचे, सलाईन हात राखून. गळक्या झडपेत उलट, ठोके जरा वेगात बरे.

खरा वाद एऑर्टिक अरुंद असताना पाठीतल्या इंजेक्शनचा. ऑपरेशनात हृदयाला किती धोका आहे ते गुणांनी मोजायच्या गोल्डमन या डॉक्टरच्या १९७७ च्या धोका-मोजणीत या अरुंद झडपेला गुण होते, ली या डॉक्टरच्या १९९९ च्या तशाच यादीत ती नाही, पण म्हणून धोका गेला असं कोणी समजू नये. पाठीत पूर्ण डोस एकदम दिला की रक्तवाहिन्या सैल पडतात, प्रेशर कोसळतं, अरुंद झडपेतून हृदयाला भरपाई करता येत नाही, आणि जाड झालेल्या त्याच्याच स्नायूला रक्त कमी पडतं. म्हणून पूर्वी सरसकट मनाई होती. आता बरेच जण बारीक नळीतून थोडं थोडं औषध देणं मान्य करतात, धमनीतलं प्रेशर सतत दिसत असेल तर, आणि हेच जास्त पटण्यासारखं आहे. फेनिलेफ्रिनची सिरिंज आधीच भरून ठेवतात, त्यानं प्रेशर चढतं पण ठोके वाढत नाहीत.

धातूची झडप बसवलेली असेल तर मोठ्या ऑपरेशनआधी वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) साधारण ५ दिवस बंद, मधे गरजेप्रमाणे हेपारिन (त्याच कामाचं इंजेक्शन). गोळी मनानं बंद करू नये, झडपेवर रक्ताची गाठ बसते.

सिझरनंतर गर्भाशय आवळलं की तिथलं रक्त एकदम हृदयाकडे येतं. मायट्रल अरुंद असलेल्या बाईला धाप बऱ्याचदा तेव्हाच लागते, त्यामुळे पहिला दिवसभर तिला नजरेआड करत नाहीत.