सुरुवातीची बिल्ड ऑर्डर (सिव्हिलायझेशन ६)

टर्न-बेस्ड, म्हणजे पाळीपाळीने चालणाऱ्या, स्ट्रॅटेजी खेळात पहिल्या शहराने कोणती गोष्ट कोणत्या क्रमाने तयार करायची, या आराखड्याला बिल्ड ऑर्डर म्हणतात. स्टारक्राफ्टसारख्या रिअल-टाइम खेळात ती सेकंदांच्या हिशेबाने पाठ केलेली असते, कारण तिथले स्पर्धेचे नकाशे आधीच माहीत असतात. सिव्हिलायझेशन मालिकेत मात्र बहुतेक वेळा प्रत्येक डावाला नवा नकाशा समोर येतो. त्यामुळे इथली बिल्ड ऑर्डर पाठांतरावर भागत नाही. आतापर्यंत जे दिसले त्यावरून पुढची वस्तू निवडावी लागते आणि निवड बदलण्याची तयारी ठेवावी लागते. ही मालिका सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी १९९१ मध्ये मायक्रोप्रोझमधून सुरू केली. प्रस्तुत नोंद मुख्यतः फिरॅक्सिसने २०१६ मध्ये आणलेल्या सहाव्या भागाविषयी आहे. आकडे स्टँडर्ड गतीचे, म्हणजे ५०० टर्नच्या डावाचे आहेत.

डाव सुरू होतो तेव्हा खेळाडूजवळ एक सेटलर (नवे शहर वसवणारा गट) आणि एक वॉरियर (साधा सैनिक) असतो. सेटलरने राजधानी वसवली की प्रश्न उभा राहतो : आधी काय? प्रॉडक्शन म्हणजे शहराची दर टर्नला काम करण्याची क्षमता. टेहळणी करणाऱ्या स्काऊटला ३० प्रॉडक्शन लागते, गोफणधारी स्लिंगरला ३५, वॉरियरला ४०, जमीन सुधारणाऱ्या बिल्डरला ५०, मॉन्युमेंट (स्मारक) या वास्तूला ६० आणि सेटलरला ८०. राजधानीचे उत्पन्न या वेळी अगदी तुटपुंजे असते. सपाट गवताळ जमिनीवर वसलेल्या शहराची मधली टाइल (नकाशाचा एक तुकडा) १ प्रॉडक्शन देते, राजवाडा २ देतो, आणि एकुलता एक नागरिक २ फूड-१ प्रॉडक्शनच्या टाइलवर राबत असेल तर आणखी १ मिळते. एकूण ४. हेच शहर मैदानी टेकडीवर वसवले तर मधल्या टाइलचेच २ होतात आणि बेरीज ५ वर जाते. एका प्रॉडक्शनचा हा फरक किरकोळ वाटतो, पण त्यामुळे स्काऊट आठऐवजी सहा टर्नमध्ये आणि सेटलर वीसऐवजी सोळा टर्नमध्ये तयार होतो. म्हणूनच सेटलर एक टर्न चालवून टेकडी गाठायची की आहे तिथेच बसायचे, हा निर्णयही बिल्ड ऑर्डरचाच भाग मानायला हवा.

पहिली वस्तू स्काऊट असावी, असे जवळजवळ सगळे अनुभवी खेळाडू सांगतात. नकाशा उघडतो हे त्याचे नेहमीचे कारण, आणि ते खरेही आहे. स्काऊट एका टर्नमध्ये ३ पावले जातो, वॉरियर २. नगरराज्याला सर्वांत आधी भेटणाऱ्याला एक दूत फुकट मिळतो आणि वाटेतल्या आदिवासी खेड्यांतून सोने, शोध किंवा कधी लोकसंख्या मिळते. पण त्यामागे एक साधे गणितही आहे. सेटलर तयार करायला शहराची लोकसंख्या किमान २ लागते आणि सेटलर बाहेर पडला की ती एकाने घटते. लोकसंख्या १ वरून २ होण्यासाठी १५ फूड साठावे लागते. प्रत्येक नागरिक २ फूड खातो, त्यामुळे साध्या टाइलवर दर टर्नला २ च शिल्लक राहतात आणि वाढीला आठ टर्न लागतात. ३ फूडची टाइल असली तर पाच. म्हणजे शहर दोनवर पोचेपर्यंत सेटलर तसाही होत नाही, आणि नेमक्या तेवढ्याच काळात एक स्काऊट बसतो. ही सांगड सहसा कुणी समजावून सांगत नाही, आणि मग नवखा खेळाडू स्काऊट म्हणजे चैन समजून थेट मॉन्युमेंटला हात घालतो.

खरी निवड दुसऱ्या वस्तूपासून सुरू होते. इथे स्काऊटने काय पाहिले ते निर्णायक ठरते. सर्वांत प्रचलित क्रम स्काऊट, स्लिंगर, सेटलर असा आहे. नकाशा मोठा आणि शेजार मोकळा दिसला तर दुसराही स्काऊटच काढतात. जवळ परकी सीमा किंवा बर्बरांचा (कोणत्याही साम्राज्यात नसलेल्या लुटारूंचा) तळ दिसला तर स्लिंगर किंवा वॉरियर पुढे येतो. पाणथळ तांदूळ, गहू, दगड, मेंढ्या असे सुधारता येणारे तीन-चार स्रोत शहराला चिकटून असले तर बिल्डरही दुसऱ्या क्रमांकावर योग्य ठरतो.

बर्बरांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण सुरुवातीचे सर्वाधिक डाव तिथेच मोडतात. सहाव्या भागात बर्बर तळ आपला स्काऊट बाहेर पाठवतो. त्याला शहर दिसले की त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह येते आणि तो तळाकडे परततो. तो पोचला की तळावर हल्लेखोर तयार होऊ लागतात. तळाजवळ घोडे असतील तर घोडेस्वारही येतात. उद्गारचिन्ह दिसल्यापासून तो तळ गाठेपर्यंतचा काळ हाच खेळाडूचा अवधी असतो. एकटा वॉरियर त्या स्काऊटमागे धावून उपयोग होत नाही, कारण स्काऊटची चाल जास्त. पण वॉरियरने वाट अडवली आणि स्लिंगरने दगड मारला तर तो वाचत नाही. शिवाय स्लिंगरने एखादे युनिट मारले की आर्चरी (धनुर्विद्या) या शोधाचा युरेका, म्हणजे ठरावीक कृती केल्याबद्दलची सूट, मिळते आणि त्या शोधाचा मोठा हिस्सा फुकट पदरात पडतो (मूळ खेळात निम्मा, राइज अँड फॉल या २०१८ च्या विस्तारापासून ४० टक्के). आर्चरी आली की तोच स्लिंगर सोने देऊन आर्चर करता येतो. त्याचा पल्ला १ वरून २ टाइल होतो आणि शहराचे रक्षण खऱ्या अर्थाने सुरू होते. ३५ प्रॉडक्शनमध्ये यापेक्षा जास्त मोबदला देणारी वस्तू या टप्प्यावर दुसरी नाही.

सेटलर तिसरा असो वा दुसरा, तो उशिरा काढणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. नवे शहर म्हणजे उत्पादनाची स्वतंत्र रांग, आणि तिचा फायदा पुढच्या प्रत्येक टर्नला जमा होत जातो. दर सेटलरमागे पुढच्याची किंमत वाढते हे खरे, पण मोकळी जमीनही दर टर्नला आटत असते. दोन शहरांमध्ये किमान तीन टाइल मोकळ्या लागतात, त्यामुळे शेजाऱ्याचे एक शहर आपली एक चांगली जागा कायमची बाद करू शकते. त्यातच राइज अँड फॉलपासून निष्ठेचा नियम आला. परक्या लोकसंख्येच्या दाबाखाली वसवलेले दूरचे शहर बंड करून हातचे जाऊ शकते. म्हणून पहिली दोन शहरे गोड्या पाण्याजवळ आणि राजधानीच्या टापूत वसवावीत. नदीकाठी शहराला ५ घरे (लोकसंख्या कुठवर वाढेल ते ठरवणारा आकडा) मिळतात, समुद्रकाठी ३, कोरड्या जागी फक्त २.

अर्ली एम्पायर हा नागरी टप्पा (शोधासारखीच, पण समाजव्यवस्थेतली पायरी) गाठला की कॉलोनायझेशन हे धोरण मिळते आणि सेटलरवरचे प्रॉडक्शन ५० टक्क्यांनी वाढते. अर्ली एम्पायरची प्रेरणा (युरेकासारखीच, पण नागरी टप्प्यासाठीची सूट) साम्राज्याची एकूण लोकसंख्या ६ झाल्यावर मिळते. सेटलर राजधानीची एक लोकसंख्या नेतो, पण वसताना नव्या शहरात ती परत येते, त्यामुळे आधी काढलेला सेटलर या बेरजेला मारक ठरत नाही. कॉलोनायझेशन येईपर्यंत पहिला सेटलर रोखून धरू नये. दुसरा-तिसरा त्या धोरणाखाली सलग काढावेत.

बिल्डरचा हिशेब याहून सरळ आहे. त्याच्याजवळ ३ कामे असतात, आणि क्राफ्ट्समनशिप या नागरी टप्प्याची प्रेरणा ३ टाइल सुधारल्यावर मिळते. एकच बिल्डर ती पुरी करतो. क्राफ्ट्समनशिपमधून अगोगे आणि इल्कुम ही दोन धोरणे उघडतात. पहिल्याने प्राचीन व अभिजात काळातील पायदळ आणि धनुर्धारी यांवरचे प्रॉडक्शन ५० टक्के वाढते, दुसऱ्याने बिल्डरांवरचे ३० टक्के. ही तीन कामे एखादा स्रोत असलेली शेती, स्रोत असलेली खाण आणि दगडाची खदान यांवर वाटली तर इरिगेशन, व्हील आणि मॅसनरी यांचे युरेकाही वाटेत मिळतात. पहिला बिल्डर बऱ्याचदा सोन्याने विकत घेणे चांगले : किंमत प्रॉडक्शनच्या चौपट, म्हणजे २००. खेड्यांतून आणि सुरुवातीला भेटलेल्या राजांना ऐषारामाची वस्तू विकून एवढे सोने जमते, आणि राजधानीची रांग सेटलरसाठी मोकळी राहते.

कोणती संस्कृती निवडली यावर क्रम पुष्कळ बदलतो. ट्रेजनच्या रोमला प्रत्येक नव्या शहरात मॉन्युमेंट फुकट मिळते, म्हणून तिथे ते रांगेत लावण्याचा प्रश्नच नसतो आणि सेटलर आणखी पुढे सरकतो. सुमेरच्या वॉर कार्टला कुठलाच शोध लागत नाही. ५५ प्रॉडक्शनमध्ये मिळणारा तो रथ वॉरियरला सहज चिरडतो, त्यामुळे गिल्गमेशच्या हाताखाली पहिल्या चार वस्तूंत तीन रथ असणे गैर नाही. कूपेचे माओरी थेट समुद्रात सुरुवात करतात, आणि त्यांना आधी किनारा निवडावा लागतो.

अवघडपणाची पातळी हा दुसरा मोठा घटक. डिइटी या सर्वोच्च पातळीवर संगणकाचे प्रत्येक साम्राज्य ३ सेटलर घेऊन उतरते, खेळाडूजवळ एकच असतो. शेजारी जवळ असला तर त्याचे वॉरियर पहिल्या तीसेक टर्नमध्ये वेशीवर येऊ शकतात. तिथे एका स्लिंगरवर विसंबून सेटलर काढणे धोक्याचे. दोन किंवा तीन स्लिंगर आणि लगोलग आर्चरी हा जास्त भरवशाचा मार्ग. प्रिन्स या मधल्या पातळीवर हाच क्रम विनाकारण भित्रा ठरतो. गतीचाही परिणाम होतो. मॅरेथॉनमध्ये (१५०० टर्न) वस्तू तयार व्हायला कितीतरी जास्त टर्न लागतात, पण सैन्याची चाल तेवढीच राहते. त्यामुळे तयार झालेले सैन्य कालबाह्य होण्याआधी खूप लांब जाऊ शकते आणि लष्करी सुरुवात स्टँडर्डपेक्षा बरीच जोरदार ठरते.

मालिकेच्या आधीच्या भागांतले शहाणपण इथे जसेच्या तसे चालत नाही. २००५ च्या चौथ्या भागात वर्कर किंवा सेटलर तयार होत असताना शहराची वाढ थांबे आणि जादा फूड प्रॉडक्शनमध्ये वळे. त्यामुळे ‘आधी वर्कर’ ही तिथली मान्य सुरुवात होती, पुढे गुलामगिरीच्या धोरणाखाली लोकसंख्या खर्चून कामे उरकली जात. २०१० च्या पाचव्या भागात सबंध साम्राज्याचा आनंद एकत्र मोजला जाई आणि नॅशनल कॉलेज या वास्तूसाठी प्रत्येक शहरात ग्रंथालय लागे. म्हणून तिथे ट्रॅडिशन या धोरणसंचाखाली चार शहरांवर थांबणे शहाणपणाचे होते. सहाव्या भागात असा लगाम राहिला नाही. शंभराव्या टर्नपर्यंत दहा शहरे हे उद्दिष्ट खेळाडूंमध्ये रूढ झाले ते याच कारणाने. पाचव्या भागातून आलेले खेळाडू तीन-चार शहरांवर थांबतात आणि मध्यावर मागे पडतात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या सातव्या भागात बिल्डरच काढून टाकला आहे. लोकसंख्या वाढली की टाइल आपोआप सुधारते. सेटलरने वसवलेली वस्ती आधी गाव असते, तिचे प्रॉडक्शन सोन्यात बदलते आणि शहराचा दर्जा सोने मोजून मिळवावा लागतो. त्यामुळे तिथे सुरुवातीच्या काळात उत्पादनाची पूर्ण रांग फक्त राजधानीकडे असते, आणि कोणते गाव कधी शहर करायचे हा निर्णय बिल्ड ऑर्डरमध्ये नव्याने सामील झाला आहे.