रेती-गोट्यांची खाण आणि शेजारची विहीर: परिणाम तपासणीचा अर्ज कसा करावा

खाण सुरू झाल्यावर विहिरीचं पाणी खाली गेलं, अशी तक्रार घेऊन गेलं की पहिला प्रश्न येतो: "आधी किती होतं?" याचं लेखी उत्तर जवळ नसेल तर पुढची सगळी धडपड जड जाते. म्हणून अर्जाची तयारी खोदकामाच्या आधी, परवान्याची जाहीर सूचना लागताच सुरू करावी.

अर्ज कोणी करावा? ज्याच्या विहिरीला किंवा बोअरला झळ पोचू शकते, त्याने. नियम जागोजागी वेगळे असतात, त्यामुळे हरकतीची मुदत सूचनेतच नीट पाहून घ्या. ती चुकली तर अर्ज बाजूला पडू शकतो.

झळ किती अंतरापर्यंत पोचेल? खड्ड्यातलं पाणी पंपाने उपसून कोरडं खोदकाम होणार असेल, तर जुन्या सिखार्टच्या सूत्राने ढोबळ अंदाज येतो: 3000 गुणिले पातळीतली घट, गुणिले पारगम्यतेचं (म्हणजे जमिनीच्या थरातून पाणी किती सहज वाहतं त्याच्या मापाचं) वर्गमूळ. घट 4 मीटर आणि पारगम्यता सेकंदाला 0.001 मीटर धरली, तर उत्तर सुमारे 380 मीटर येतं. स्वच्छ गोट्यांत पारगम्यता याहून बरीच जास्त असू शकते. तेव्हा "आमची विहीर लांब आहे" म्हणून गप्प बसू नका.

उपसा नसला तरी धोका संपत नाही, आणि हा मुद्दा अर्जात हमखास राहून जातो. भूजलाची पातळी उतरती असते, पण उघड्या खड्ड्यात साठलेलं पाणी सपाट राहतं. दर मीटरला 5 मिलिमीटर उतार आणि प्रवाहाच्या दिशेने 300 मीटर लांब खड्डा असेल, तर वरच्या कडेला पातळी साधारण पाऊण मीटर खाली बसते आणि खालच्या कडेला तितकीच वर येते. उथळ विहिरीला पाऊण मीटर म्हणजे फुटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपच्या तळाची झडप) उघडा पडण्याइतका फरक. म्हणून आपली विहीर प्रवाहाच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या, हे नकाशावर दाखवा.

कागदपत्रांत विहिरीच्या मालकीचा किंवा वापराच्या हक्काचा पुरावा, खाणीपासूनचं अंतर दाखवणारा नकाशा, विहिरीची खोली, व्यास आणि खोदल्याचं वर्ष, पंपाची क्षमता आणि तो किती खोलीवर बसवलाय याची नोंद, तारखेसह फोटो आणि प्रयोगशाळेचा पाणी तपासणी अहवाल जोडा. अहवालात गढूळपणा, विद्युतवाहकता, लोह, मँगनीज आणि जिवाणू असावेत. यंत्रांचं डिझेल-तेल सांडण्याची भीती असेल तर तेलाचा अंशही तपासून घ्या.

या सगळ्यापेक्षा वजन पाणीपातळीच्या नोंदवहीला. पंप रात्रभर बंद ठेवून सकाळी मोजावं. कठड्यावर रंगाने एक कायमची खूण करा. स्टीलच्या टेपच्या टोकाकडच्या भागाला खडू फासा आणि टेपवरचा, समजा, 12 मीटरचा आकडा खुणेशी येईपर्यंत ती सोडा. वर ओढल्यावर खडू 0.64 मीटरपर्यंत ओला दिसला, तर पाणी 11.36 मीटरवर आहे. दर पंधरवड्याला, शक्य तर वर्षभर, म्हणजे कोरडे आणि ओले दोन्ही काळ नोंदवहीत येतात. खाणीच्या आवाक्याबाहेरची एखादी विहीरही त्याच दिवशी मोजा. दोन्हींत सारखीच घट दिसली तर बहुधा पाऊस कमी पडलाय. फक्त तुमची खाली गेली, तर खाणीकडे बोट दाखवायला आधार मिळतो.

अर्जातली मागणी मोघम नको. "योग्य ती कार्यवाही व्हावी" एवढ्यावर थांबू नका. खाणचालकाकडून परिसरातल्या विहिरींची गणना, पंपिंग चाचणी (पाणी उपसून पातळी किती उतरते ते पाहणं), खाण आणि विहिरी यांच्या मधोमध निरीक्षण विहिरी आणि त्यांचे आकडे सर्वांना खुले, असं मागा. कोणत्या पातळीला उपसा थांबवायचा आणि विहीर आटल्यास पर्यायी पाणी कोण देणार, हे परवान्याच्या अटींत आकड्यानिशी लिहून घ्यावं.

अर्ज दिल्यावर पोच घ्या, सुनावणीला मूळ नोंदवही न्या. पुढे पातळी ठरलेल्या आकड्याखाली गेली, तर आधी स्वतःचा पंप आणि गाळ तपासा. मग त्याच दिवशी मोजमाप, पंप बंद असलेले तास आणि आवाक्याबाहेरच्या त्या विहिरीचा आकडा यांसह लेखी कळवा.