डिंगीचा नंबर कोणाचा?

ब्रिटनमधल्या शर्यतीच्या जुन्या डिंग्यांचे, म्हणजे छोट्या शिडाच्या होड्यांचे, मालक शोधायचे म्हणजे नंबराचा माग काढायचा. पण कोणता नंबर? एक शिडावर असतो, दुसरा बऱ्याच वर्गांत (एकाच नमुन्याच्या होड्यांचा एक वर्ग) होडीच्या लाकडातच कोरलेला, तिसरा मोजणीच्या दाखल्यावर, म्हणजे होडी वर्गाच्या मापांत बसते असं सांगणाऱ्या कागदावर. तिन्ही जुळायला हवेत. पण शीड विटतं, वेगळं विकलं जातं, भलत्याच होडीवर चढतं. आकडे उचकटले तरी त्या जागी कापड गडद राहतं आणि सुईची भोकं दिसतात. शिडावरून मालक सांगणारे पुष्कळ भेटतात. मी तो पुरावा मानत नाही.

महायुद्धाआधीच्या चौदा फुटी डिंग्या मोजक्या आणि महाग, त्यामुळे त्यांचे मालक सापडतात. 1946 पासून फायरफ्लाय नावाची डिंगी साच्यातून निघू लागली. पहिल्या चौघींची नावं फी, फाय, फो, फम. 1948 च्या ऑलिंपिकमध्ये एकट्याने चालवायची होडी हीच होती.

खरा गुंता 1963 नंतरचा. एका दैनिकाने मिरर नावाची डिंगी बाजारात आणली: 10 फूट 10 इंच लांब, लाल शिडं, 63 पौंड 11 शिलिंगांना सुट्या भागांचा संच. प्लायवुडचे तुकडे तांब्याच्या तारेने टाचायचे आणि सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी राळेने बसवायची. पुढे अशा सत्तर हजारांवर झाल्या. संच आज घ्यावा आणि होडी दहा वर्षांनी पुरी व्हावी, किंवा अर्धवट असतानाच शेजाऱ्याला विकावी, यात नवल नव्हतं. मग पहिला मालक कोण, पैसे मोजणारा की पाण्यात उतरवणारा? यादी करणारे बहुधा पहिल्याला मान देतात. माझा कौल तारा पिळणाऱ्याच्या बाजूने.

त्यात मोजणीच्या दाखल्याचा नियम. मालक बदलला की जुना दाखला बाद. फेरमोजणी लागत नाही, पण नव्या नावाने तो पुन्हा वैध करून घ्यावा लागतो. शर्यती खेळणारा हे करतो. मुलांना तळ्यावर फिरवणारा कशाला करेल? त्यामुळे वर्गाच्या नोंदवहीत, जिथे दाखल्यांवरची नावं उतरतात, जी पंधरा-वीस वर्षांची पोकळी दिसते, ती बहुतेकदा होडी सर्वांत जास्त वापरली गेली तो काळ असते. या वह्यांना मालकीचा इतिहास म्हणणं मला पटत नाही. तो शर्यतींचा इतिहास आहे.

कायद्याचाही आधार नाही. मोठ्या जहाजाची मालकी 64 हिश्श्यांत नोंदतात. डिंगीला नोंदणीची सक्तीच नाही. 1983 मध्ये छोट्या नौकांसाठी वेगळी नोंदणी सुरू झाली, पण तिच्यातून मालकी सिद्ध होत नाही. उरते विक्रीची पावती, आणि चाळीस पौंडांच्या व्यवहारात ती कोण जपून ठेवणार?

अलीकडे जुन्या होड्या दुरुस्त करणारे वाढले, तशी नंबरालाही किंमत आली. पहिल्या शंभरातली होडी म्हटली की भाव चढतो. तळाच्या फळ्या नव्या, डोलकाठी नवी आणि नंबर तेवढा जुना, अशाही विकायला येतात. मिररची पहिली होडी मात्र इंग्लंडमधल्या फालमथच्या सागरी संग्रहालयात आहे. तिच्या नंबरावर कोणी वाद घालत नाही.