ओल्खोन रायोन

ओल्खोन रायोन : रशियाच्या इर्कुत्स्क ओब्लास्तातील पूर्णतः ग्रामीण प्रशासकीय विभाग. क्षेत्रफळ सुमारे १६ हजार चौ. किमी.; लोकसंख्या जेमतेम दहा हजारांच्या घरात. बैकल सरोवराच्या पश्चिम किनाऱ्याचा मधला पट्टा आणि त्यासमोरचे ओल्खोन बेट यांचा तो बनला आहे. रायोनात एकही शहर नाही, रेल्वे नाही. मुख्य ठाणे येलांत्सी हेसुद्धा अंगा नदीकाठचे खेडेच आहे.

‘रायोन’ला मराठीत जिल्हा म्हणावे की तालुका, हा प्रश्न तसा सुटत नाही. ओब्लास्त हा रशियन संघराज्याचा घटक, म्हणजे पायरीने आपल्या राज्याच्या जागी. त्याखाली थेट रायोन येतो. विस्तार जिल्ह्याएवढा आणि माणसे मोठ्या गावाएवढी, असा हा प्रकार असल्याने मूळ शब्दच ठेवलेला बरा.

किनाऱ्याला समांतर जाणारी प्रिमोर्स्की पर्वतरांग पश्चिमेकडून येणारे पावसाळी ढग अडवते. त्यामुळे जगातल्या सर्वांत खोल सरोवराच्या काठी असूनही हा मुलूख कोरडा आहे : ओल्खोन बेटाच्या मध्यभागी वर्षाला २०० मिमी.च्या आसपासच पाऊस पडतो. किनाऱ्यालगत ताझेरानचे गवताळ माळ आणि संगमरवरी खडक दिसतात. येथे सापडलेल्या एका खनिजाला ‘ताझेरानाइट’ असे नावच पडले. सार्मा नदीच्या अरुंद दरीतून अचानक सुटणारा ‘सार्मा’ वारा सेकंदाला ४० मी.हून अधिक वेग गाठतो. किनाऱ्यावरच्या छपरांपासून बोटींपर्यंत साऱ्यांना त्याचा धाक असतो.

ओल्खोन बेट सुमारे ७१ किमी. लांब असून त्याचे क्षेत्रफळ ७३० चौ. किमी. आहे. बैकलमधील कायम वस्तीचे हे एकमेव बेट. सर्वोच्च शिखर झिमा (१,२७४ मी.). बेटाच्या पूर्व कड्याजवळच सरोवराची १,६४२ मी. ही कमाल खोली आहे. पश्चिमेला मात्र ‘मालोये मोरे’ म्हणजे ‘छोटा समुद्र’ हा उथळ भाग पसरला आहे. मुख्य भूमीवरील साख्युर्ता गावाहून बेटावर फेरीबोट जाते. सरोवर गोठले की बर्फावरच रस्ता आखतात, आणि त्यावरून किती वजनाचे वाहन जावे हेही ठरवून देतात. खरी पंचाईत मधल्या आठवड्यांत होते. बर्फ धड जमलेला नसतो, धड वितळलेला नसतो. तेव्हा हवेच्या उशीवर चालणाऱ्या होड्यांचाच आधार. वीज तर बेटावर पाण्याखालील तारेतून २००५ मध्ये पोचली.

स्थानिक लोकांत बुर्यात (मंगोल वंशाचे) आणि रशियन हे दोन प्रमुख समाज. पूर्वी हा प्रदेश बुर्यात-मंगोल स्वायत्त प्रजासत्ताकात होता. १९३७ मध्ये त्या प्रजासत्ताकाचे तुकडे झाले तेव्हा तो इर्कुत्स्ककडे आला. शामान, म्हणजे आत्म्यांशी संवाद साधणारे पुजारी, यांची परंपरा अजून टिकून आहे. बेटावरील हुझिर गावाजवळचे बुर्खान भूशिर तिचे पवित्र स्थान होय, आणि येलांत्सीजवळच्या योर्द टेकडीभोवती हात गुंफून ‘योखोर’ नृत्याचा फेर धरतात.

कारभार दोन पातळ्यांवर चालत आला आहे. रायोनाला निवडून आलेली दूमा (प्रतिनिधी सभा) आणि ‘मेयर’ असतो. या शब्दाने मराठी वाचकाला महानगराचा महापौर आठवेल, पण येथे त्याच्या हाताखाली कुरणे आणि कच्चे रस्तेच अधिक. खालच्या पातळीवर येलांत्सी, बुगुल्देइका, कुरेत, ओन्गुर्योन, शारा-तोगोत आणि हुझिर अशा सहा ग्रामीण वसाहतींचे कारभार आहेत. शाळा रायोनाकडे, पोलीस व सरकारी वकील मात्र संघराज्याचे.

नकाशावरचा रायोन आणि मेयरच्या अखत्यारीतली जमीन यांत अंतर पडले ते १९८६ पासून. त्या वर्षी प्रिबैकाल्स्की राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, आणि सामूहिक शेतांची जमीन त्यांच्याकडून काढून न घेताच उद्यानाच्या हद्दीत धरली गेली. गावे, गोठे, कुरणे सारे आत आले. उद्यान मॉस्कोतील पर्यावरण मंत्रालयाच्या अखत्यारीत. पुढे बैकल जागतिक वारसा ठरले (१९९६) आणि सरोवराच्या रक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला (१९९९). त्या कायद्यातील ‘मध्यवर्ती पर्यावरणीय क्षेत्रा’त कचराभूमी करता येत नाही, बांधकामावरही कडक बंधने आहेत. हेतू योग्यच; पण पिढ्यान्‌पिढ्या राहत्या घराखालची जमीन नावावर करून घेताना माणसे कज्ज्यांत अडकली. कचरा वाहून न्यायचा तर तोही दूरवर. सरोवर राखण्याच्या ओझ्याचा बराच भाग अशा रीतीने या छोट्या रायोनाच्या अंदाजपत्रकावर आणि रहिवाशांवर पडला आहे.

उपजीविका गुरे-मेंढ्या आणि मासेमारीची. हुझिर वाढले ते मासे प्रक्रिया कारखान्यामुळे. सोव्हिएत काळानंतर तो बंद पडला. बैकलच्या ‘ओमुल’ माशाची संख्या घटल्याने ऑक्टोबर २०१७ पासून त्याच्या व्यापारी मासेमारीवर बंदी आली. आता हुझिरची बरीच घरे उन्हाळ्यात पर्यटकांना खोल्या देतात, आणि हिवाळ्यात सरोवराचा पारदर्शक बर्फ पाहायला वेगळीच गर्दी येते.